टॉवेलाखालचा भाव

मोल ठरवणं ही माणसाच्या संस्कृतीतली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. तह, सोयरिकी, राज्यांच्या वाटण्या, सगळं शेवटी येऊन ठेपतं ते कोणी कशाचं काय मोल मान्य केलं यावर. हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. मी काही वर्षं शिरूरला ऑर्डरप्रमाणे केक करून विकले.

त्याआधी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. तिथे पगाराला मानधन म्हणत, कारण पगार म्हणण्याइतका तो नव्हता. पुस्तकं पुष्कळ होती, वाचणारी माणसं बेताची होती, आणि अध्यक्ष एक होते पण ते सगळ्यांना पुरून उरत. मी केकचा धंदा काढायचा म्हणते हे ऐकल्यावर त्यांनी मला सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर केली आणि त्यानिमित्त छोटंसं भाषण केलं. स्त्रीने भरारी घ्यावी, पण परतीची वाट मोकळी असावी, असा त्याचा सारांश होता. माझी खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली, आणि ती रिकामी ठेवल्याचं भेटेल त्याला सांगत राहिले. त्या खुर्चीत परत जाऊन बसायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्यासाठी सहा महिन्यांत धंदा उभा राहायला हवा होता.

केक मी दौंडला शिकले. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. आमच्या क्वार्टरशेजारी एक ख्रिस्ती आंटी राहायच्या. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून, खाली कोळसे आणि झाकणावर कोळसे ठेवून त्या असा केक भाजायच्या, की नाताळाआधीचे पंधरा दिवस आमच्या ओळीतलं कोणीही कामावर वेळेवर पोचत नसे. त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली: भाजीत अंदाज चालतो, केकमध्ये चालत नाही. लोणी चमचाभर कमी घातलंस तर केक तुला लगेच सांगेल. नवऱ्याची नोकरी रांजणगावच्या कारखान्यात लागली, आम्ही शिरूरला आलो, आणि आंटींचं हे वाक्य माझ्याबरोबर आलं.

भाव मी त्याच पद्धतीने काढला. लोणी, अंडी, क्रीम, गॅस, खोका, माझे हात. हव्या त्या आकाराच्या केकला किलोला अडीचशे रुपये. त्यातले माझ्याकडे चाळीसेक उरत. एसटी स्टँडजवळच्या बेकरीत किलोला सव्वाशेने केक मिळे, पण तो गोल असे आणि त्यावर गुलाबी गुलाब असे. वाढदिवस मुलाचा असो की सरपंचांचा, गुलाब तोच. माझ्याकडे ट्रॅक्टर मिळे, लाल एसटी मिळे, विहीर मिळे. उघडं पुस्तक हा माझा आवडता आकार होता. त्याला सगळी मिळून एक ऑर्डर आली, तीही एका वकिलांकडून.

गिऱ्हाईक यायला वेळ लागला नाही. वेळ लागे तो भाव ठरायला. लोक आधी केकचं कौतुक करत, मग छताकडे बघत, मग म्हणत, बरं, शेवटचं सांगा. अडीचशे हेच पहिलं आणि हेच शेवटचं, हे कोणाला पटत नसे. एका बाईंनी विचारलं, केकवर नाव लिहिलं नाही तर नावाचे किती कमी होतील. दुसऱ्या एकांनी घरची अंडी आणून देण्याची तयारी दाखवली, सोबत आणलेल्यांतली दोन तर कोंबडीने नाराज होऊन टाकलेली असावीत इतकी लहान होती. क्रीम निम्मं लावा पण दिसायला तेवढंच दिसू द्या, अशी मागणी एका प्राध्यापकांनी केली. ते पदार्थविज्ञान शिकवत.

मग मी पाटी लावली. ‘भाव एकच. किलोला रु. २५०. कृपया आग्रह करू नये.’ अक्षर तेच होतं ज्यात मी वाचनालयात ‘शांतता राखा’ लिहिलं होतं. परिणामही तोच झाला.

चौथ्या महिन्यात आबा आले.

शिरूरच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांची दलाली करणाऱ्यांत आबांचं नाव पहिलं घेतलं जाई. त्यांच्या वडिलांपर्यंतची पिढी मेंढरं घेऊन फिरली. आबांनी गावाशेजारी जमीन घेतली, ऊस लावला आणि मेंढरं राखायची सोडून विकायला लागले. डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघायची सवय. त्या दिवशी त्यांच्याबरोबर गावातले दोघेजण होते. बाजार उरकून वडापच्या जीपने परत जायचं होतं, पण नातीचा पहिला वाढदिवस होता आणि सुनेने केक सांगितला होता.

मी फोटोंची वही पुढे केली. आबांनी पानं उलटली आणि एका पांढऱ्या, गुबगुबीत मेंढीवर बोट ठेवलं. तो फोटो मी एका इंग्रजी मासिकातून कापला होता.

“हे आपल्याकडचं न्हाई,” आबा म्हणाले. “आपली मेंढरं काळी. कान असं खाली पडल्यालं. नाक जरा फुगीर.”

मी म्हटलं, चॉकलेटची करते. कान पाडते. आबांनी मान हलवली. दोन किलो ठरले. मग त्यांनी पाटीकडे पाहिलं, पाटी वाचली, आणि जणू भिंत कोरी आहे अशा आवाजात विचारलं, “बोला, काय घेणार?”

मी पाटीकडे हात केला. बरोबरचे दोघे जरा पुढे सरकले. मांडीवर कोपर टेकून ते असे बसले, की मला एकदम बाजारातल्या बघ्यांच्या कड्यात उभं असल्यासारखं वाटलं. आबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा पाटी दाखवली. तेव्हा आबांनी त्या दोघांना, जरा बाहेर जीप बघा रं, असं सांगितलं. ते दारापर्यंत गेले आणि दारातच थांबले, पाठ आमच्याकडे आणि कान आमच्याकडे ठेवून.

“हे बघ पोरी,” आबा हळू आवाजात म्हणाले, “चाळीस वर्सं झाली मी बाजारात हाय. सांगितल्या भावात मी काडेपेटीबी घेतल्याली न्हाई. ही दोघं आत्ता गावात जाऊन सांगणार, आबानं गपचिप पाटीवरचं पैसं दिलं. उद्या माझ्या शब्दावर मेंढरू कोण विकंल?”

मी म्हटलं, “आबा, तुम्हाला कमी केलं तर उद्या मला सगळ्यांना करावं लागेल. मग माझ्याकडे काही उरत नाही. मला परत वाचनालयात जाऊन बसावं लागेल.”

आबांनी जरा विचार केला. वाचनालयात बसावं लागणं ही वाईट गोष्ट आहे, हे त्यांना लगेच पटलेलं दिसलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. “हात दे. माझी लेक तुझ्यापरीस थोरली हाय.”

हा रिवाज मी लांबून पाहिला होता, कळला नव्हता. जनावराचा सौदा चारचौघांत होतो, पण भाव चारचौघांत बोलत नाहीत. दोघे हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. शेकडा की हजार, ते दोघांना ठाऊक असतं. अर्ध्यासाठी बोटाच्या मधल्या पेराला चिमटा. बघणाऱ्याला फक्त टॉवेल हललेला दिसतो. आणि आत काय ठरलं ते दोघांपैकी कोणीही, कधीही, कोणालाही सांगायचं नाही.

आबांनी मला हे दोन मिनिटांत शिकवलं. मग माझं एक बोट धरून दुसऱ्याच्या पेराला चिमटा काढला. दीडशे. मी त्यांची दोन बोटं धरली आणि तिसऱ्याच्या पेराला चिमटा काढला. त्यांनी दोन धरली. मी दोन आणि पेर. त्यांनी दोन धरून तिसऱ्याच्या टोकाला नुसतं नख लावलं. मी दोन आणि पेर. त्यांचा हात लाकडासारखा होता, आणि माझ्या हाताला कोको लागलेला होता. आबा थांबले. त्यांनी माझ्याकडे, पहिल्यांदाच, चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझी दोन बोटं आणि तिसऱ्याचं पेर घट्ट दाबलं, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, “जमलं.”

दारातल्या दोघांचे चेहरे उजळले. पूर्ण पाचशे रुपये आबांनी मला नंतर, दुसरं कोणी नसताना दिले.

मेंढी चांगली झाली. बारीक नोझलने काढलेल्या लोकरीला मला अडीच तास लागले. नाक जरा फुगीर ठेवलं.

पुढच्या आठवड्यापासून लोक यायला लागले आणि येतानाच सांगायला लागले, आबांना दिला तो भाव द्या. मी म्हणे, भाव एकच आहे. ते हसत. आबांनी टॉवेल टाकला आणि भाव पडला नाही, हे त्या भागात कोणी ऐकून घेतलं नसतं. माणसं रागावूनही जात. आबाला एक आन् आम्हाला एक, असं एक गृहस्थ दारातूनच म्हणाले आणि विहिरीच्या आकाराचा केक रद्द करून गेले. आबांनी किती दिले हे कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या आठवड्यात तो भाव दोनशे होता. मग पावणेदोनशे झाला. नवऱ्याच्या कंपनीच्या बसमध्ये तो एकशेचाळीसवर आला होता. तिथे त्याने बायकोच्या वतीने काही बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला समजावण्यात आलं, की घरच्या माणसाला धंद्यातलं सांगत नसतात.

त्या तीन आठवड्यांत माझ्या सात ऑर्डरी गेल्या. अध्यक्ष एकदा रस्त्यात भेटले आणि त्यांनी खुर्चीची चौकशी केली, म्हणजे खुर्चीच्या वतीने माझी. रजेचे दोन महिनेही उरले नव्हते.

खरं सांगितलं असतं तर एका दिवसात सगळं मिटलं असतं. आबांनी पूर्ण पैसे दिले, एवढंच वाक्य. पण ते माझं एकटीचं नव्हतं. म्हणून बाजाराच्या दिवशी मी आबांना शोधत गेले, शब्दातून मोकळं करा म्हणायला.

बाजार भरात होता. मेंढरांच्या अंगाचा वास, धूळ, आणि त्या गलक्यात जागोजागी दोन-दोन माणसं गप्प उभी. मधे टॉवेल. कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. थोड्या वेळाने एखादा टॉवेल झटकला जाई आणि जमलं असा आवाज येई. आबा एका बांधाच्या कडेला उकिडवे बसून चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. सात ऑर्डरी, पडत चाललेला भाव, वाचनालयाची खुर्ची. मला खरं सांगू द्या, म्हटलं.

आबांनी उरलेला चहा बशीत ओतला. त्यांना नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणता येत नव्हतं. माझ्याही लक्षात आलं, की मी एका माणसाकडे त्याची चाळीस वर्षं मागते आहे, किलोला अडीचशे भाव टिकावा म्हणून. मी परत निघायला उठले.

“बस,” आबा म्हणाले. “तिकडं बघ. ती जोडी दिसती? त्यो काळा टॉवेल. आज बाजारात मेंढराचा भाव काय हाय ते दोघांनाबी सकाळपासनं ठावं हाय. त्याच्या खाली विकणारा देणार न्हाई, वर घेणारा देणार न्हाई. मग टॉवेल कशाला?”

आबांनी बशी खाली ठेवली.

“टॉवेल भाव पाडाया न्हाई, पोरी. माणूस झाकाया हाय. समद्यांम्होरं न्हाई म्हटलं की त्येचं नाक जातं. आत न्हाई म्हण की. किती येळा म्हणायचं तेवढं म्हण. भाईर आला की त्यो म्हणणार, जमलं. काय म्हणंल दुसरं?”

मी दोन मिनिटं त्या काळ्या टॉवेलकडे बघत राहिले. मग तो झटकला गेला. दोघेही समाधानाने आपापल्या दिशेला निघून गेले.

जाताना पेठेतल्या दुकानातून मी एक टॉवेल घेतला. सांगितल्या भावात.

दुसऱ्या दिवशी पाटी खाली उतरवली, ‘कृपया आग्रह करू नये’ ही ओळ खोडली आणि पाटी परत लावली. अडीचशे तसेच ठेवले. पहिलं गिऱ्हाईक आलं, आबांचा भाव द्या म्हणालं. मी टॉवेल उचलला. त्या माणसाने आधी दचकून माझ्याकडे पाहिलं, मग बरोबरच्या भावाकडे पाहिलं, मग शर्टाची बाही सरसावली. आत त्याने दीड म्हटलं, मी अडीच म्हटलं. त्याने दोन म्हटलं, मी अडीच. आणखी दोन फेऱ्या झाल्या. आत मी न बोलता, न दुखावता, न दमता नाही म्हणत होते, आणि बाहेर त्याचा भाऊ त्याच्याकडे कौतुकाने बघत होता. शेवटी त्याने अडीच दाबले आणि भावाकडे वळून म्हणाला, “जमलं.”

मला वाटलं होतं, हे आठवडाभर चालेल. ते चालतच राहिलं. बायकांसाठी टॉवेलऐवजी पदर वापरायचा असं आपोआप ठरलं. त्यांना बोटांची भाषा येत नसे, ती मी शिकवी, आणि पुरुषांपेक्षा त्या ती लवकर शिकत. एका शिक्षिकेने माझं पहिलं बोट असं धरून ठेवलं, की मला वाटलं आता ते घेऊनच जाणार. तिनेही अडीचशेच दिले. बाहेर आल्यावर जमलं म्हटलं नाही असा माणूस मला भेटला नाही. कारण उघड होतं. आबांना जमलं होतं, शेजाऱ्याला जमलं होतं, मेहुण्याला जमलं होतं. आपल्याला एकट्यालाच जमलं नाही, हे कोण सांगणार? दोन महिन्यांच्या आत निम्म्या तालुक्याने पूर्ण पैसे दिले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं, पूर्ण पैसे देणारा आपण एकटाच.

मी कोणाला फसवत नव्हते. अडीचशे भिंतीवर लिहिले होते, ठळक अक्षरात.

सहाव्या महिन्याच्या अखेरीला आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा पन्नासावा वाढदिवस आला. त्यांचे कार्यकर्ते त्यांना नुसतं साहेब म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. त्यांच्यातला एक पांढऱ्या शर्टातला, घरातही काळा चष्मा न काढणारा, माझ्याकडे आला. पन्नास वर्षं म्हणून पन्नास किलोचा केक पाहिजे, म्हणाला, मजल्यांचा, आणि साहेबांसाठी निम्मा भाव. साहेबांचं नाव तुमच्या केकला लागेल, असंही त्याने सांगितलं. मी म्हटलं, नाव मी तसंही लिहिते, त्याचे वेगळे घेत नाही.

निम्म्या भावात मला किलोमागे ऐंशीहून जास्त रुपये पदरचे घालावे लागले असते. पण खरी भीती ती नव्हती. साहेबांना स्टेजवरून आभार मानताना आकडे सांगायची सवय होती. मांडववाल्याने किती सोडले, आचाऱ्याने किती सोडले, ते माइकवरून सांगत आणि लोक टाळ्या वाजवत. माझा भाव त्या माइकवरून सव्वाशे म्हणून जाहीर झाला असता, तर दुसऱ्या दिवसापासून तोच माझा भाव, आणि त्यानंतरच्या सोमवारी मी वाचनालयात.

मी कार्यकर्त्याला सांगितलं, भावाचं बोलणं मालकाशीच होतं, टॉवेलाखाली. तो चिडेल असं वाटलं होतं. पण ही गोष्ट साहेबांच्या कानावर आधीच गेलेली होती आणि त्यांना तो बोलावल्याचा मान वाटला. ते तीन जीप घेऊन आले.

आमच्या बाहेरच्या खोलीत जेमतेम सहा माणसं मावत. बाकीची खिडकीत उभी राहिली. साहेब पाटीच्या बरोबर खाली बसले. मी टॉवेल टाकला. त्यांच्या हातात चार अंगठ्या होत्या, त्यामुळे बोटं धरताना कुठलं पेर आणि कुठला खडा हे पहिल्यांदा कळेना. त्यांनी एक बोट धरलं. शंभर. कार्यकर्त्याने सांगितलं होतं त्याच्याही खाली. मी दोन आणि पेर. त्यांनी एक आणि पेर. मी दोन आणि पेर. त्यांच्या चेहऱ्यावर सभेतलं हसू तसंच होतं, पण टॉवेलाखाली हाताला घाम आला होता. खिडकीतून पंधरा माणसं बघत होती, साहेब कसा भाव पाडतात ते. त्यांनी दोन धरली. मी दोन आणि पेर.

साहेबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग ते, ओठ न हलवता, रिवाज मोडून कुजबुजले. “ताई, पन्नास किलोचं एवढं नाही झेपणार. आणि मोकळ्या हातानं बाहेर तरी कसा जाऊ? वर काहीतरी घाला.”

वर काहीतरी घालणं आमच्याकडे भाजीवालीही करते. भाव सोडत नाही, पण मूठभर मिरच्या टाकते. मला ते एकदम सोपं वाटलं. मीही कुजबुजले, की भाव आहे तोच राहील, केक लहान करू. वरचे दोन मजले खरे, अकरा किलोचे. खालचे चार मजले थर्माकोलचे, वरून क्रीम लावलेले, पुण्यात मोठ्या केकना असंच करतात. दिसायला पन्नास किलोच दिसेल. थर्माकोल आणि त्यावरचं क्रीम माझ्याकडून.

साहेबांनी विचार केला. मग दोन बोटं आणि पेर दाबलं. अंगठीचा खडा माझ्या बोटात रुतला. टॉवेल झटकून ते उभे राहिले आणि खिडकीकडे बघून म्हणाले, “जमलं.” बाहेर कोणीतरी घोषणा दिली.

केक करायला दोन दिवस लागले. थर्माकोल आणि खरा केक यातला फरक जवळून बघूनही मला कळेना, इतकं क्रीम सारखं बसलं. कार्यकर्त्याला मी दोनदा बजावलं, कापायचं ते वरच्या मजल्यावर. चिठ्ठीवरही लिहून दिलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वाचनालयात जाऊन राजीनामा दिला. अध्यक्षांनी तो हातात घेऊन स्त्रीच्या भरारीवर चार वाक्यं बोलून घेतली आणि खुर्ची कोणाला द्यायची या विचारात पडले.

संध्याकाळी मांडव भरला होता. मी मागच्या बाजूला, बायकांत बसले. आबा पुढच्या रांगेत होते, मानाच्या जागी. साहेबांनी माइक हातात घेतला आणि आकडे सांगायला सुरुवात केली. मांडववाल्याचा आकडा झाला, आचाऱ्याचा झाला. मग ते केककडे वळले. पन्नास किलोचा केक, ते म्हणाले, आणि भाव काय पाडला ते मला आणि ताईंनाच माहीत. ते बाहेर सांगायचं नसतं, हा आपल्या मातीतला शब्द आहे. मांडवात टाळ्या झाल्या. आबांनीही वाजवल्या, दोन बोटांनी, तळहातावर.

त्यानंतर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पगडी आणि एक तलवार. निवेदकाने तलवारीचा अर्थ समजावून सांगितला, त्याला वेळ लागला. कार्यकर्ता सुरी घेऊन पुढे झाला, पण साहेबांना स्फूर्ती आली होती. त्यांनी सुरी बाजूला सारली, तलवार म्यानातून काढली, डोक्यावर धरली. सनईवाल्यांनी सूर लावला. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. साहेबांनी दोन्ही हातांनी तलवार आडवी फिरवली आणि ती केकच्या खालून तिसऱ्या मजल्यात रुतून बसली, मी फुकट दिलेल्या भागात.